दोन्ही जर्नल्समध्ये सापडणारा माणूस

तुम्ही एफवायबीएस्सीला असाल, तर ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल चुकलेलं नाही. बॅटरी, अमीटर, व्होल्टमीटर, रिडिंगचा तक्ता आणि शेवटी ग्राफवर एक सरळ रेघ. तुमची मैत्रीण बीएला सायकॉलॉजी घेऊन बसली असेल, तर तिच्या जर्नलमध्ये दुसरंच काहीतरी असतं. दोन वजनं हातात द्यायची आणि कुठलं जड ते विचारायचं, किंवा म्युलर-लायरच्या त्या फसव्या रेघा सारख्या करून घ्यायच्या आणि सरासरी चूक काढायची. कॉलेजात ही दोन डिपार्टमेंट्स वेगळ्या मजल्यांवर असतात. बऱ्याच ठिकाणी तर एका डिपार्टमेंटचे सर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमना फक्त परीक्षेच्या सुपरव्हिजनला भेटतात.

पण या दोन्ही जर्नल्सच्या मागे एक माणूस उभा आहे. त्यानं आधी ओहमच्या नियमाला प्रयोगांचं बळ दिलं आणि नंतर वजनं उचलून उचलून मन मोजायची रीत तयार केली. त्याचं नाव गुस्टाव्ह थिओडोर फेक्नर. मधल्या काळात तो इतका कोलमडला होता, की हा माणूस पुन्हा उभा राहील असं कुणाला वाटत नव्हतं.

विगशिवाय प्रवचन, चर्चवर वीजवाहक

फेक्नरचा जन्म १९ एप्रिल १८०१ चा. गाव ग्रोस झेरशेन, तेव्हा जर्मन मुलखात असलेलं, आज पोलंडमध्ये. वडील गावच्या चर्चचे पाद्री होते, पण जरा वेगळ्या डोक्याचे. त्या काळात पाद्री डोक्यावर विग घालून प्रवचन द्यायचे. हे विगशिवाय उभे राहायचे. येशूनं कुठे विग घातला होता, असा त्यांचा सवाल. चर्चच्या मनोऱ्यावर त्यांनी वीजवाहक बसवला, तेव्हा गाव हादरलं. देवाच्या घराला विजेपासून वाचवायला लोखंडाची सळई लागते, म्हणजे पाद्रीबाबांचा देवावर विश्वास नाही की काय?

श्रद्धाही सोडायची नाही आणि विज्ञानही, हा वारसा मुलाकडे आला. वडील मात्र लवकर गेले. गुस्टाव्ह तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. पुढे काही वर्षं मामा-काकांच्या आधारानं गेली आणि सोळाव्या वर्षी, १८१७ मध्ये, तो लाइपझिगच्या युनिव्हर्सिटीत मेडिकलला दाखल झाला. त्यानंतरची सत्तर वर्षं त्यानं त्याच शहरात काढली.

मेडिकल घेतलं, पण…

कोर्स घेतला आणि मन रमलं नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल. फेक्नरचंही तेच झालं. बरेचसे तास त्याला कंटाळवाणे वाटत. अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांची शरीरक्रियाशास्त्राची लेक्चर्स मात्र तो आवडीनं ऐकायचा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे. पदवी १८२२ मध्ये पदरात पडली, पण डॉक्टर म्हणून त्यानं दवाखाना कधी थाटला नाही.

त्या काळच्या डॉक्टरकीची त्यानं थट्टा मात्र भरपूर केली. डॉक्टर मीझेस या टोपणनावानं तो लिहायचा. तेव्हा आयोडीनची मोठी हवा होती. कुठलाही आजार असो, द्या आयोडीन. तर फेक्नरनं १८२१ मध्ये, विशीत असताना, चंद्र आयोडीनचाच बनलेला आहे हे 'सिद्ध' करणारी एक पुस्तिका लिहिली. १८२५ मध्ये देवदूतांच्या शरीररचनेवर असाच एक गंभीर चेहऱ्याचा विनोदी ग्रंथ आला.

विनोदानं पोट भरत नाही. मग त्यानं भाषांतरं घेतली. फ्रेंचमधली बिओची फिजिक्सची आणि थेनारची केमिस्ट्रीची जाडजूड पुस्तकं तो जर्मनमध्ये आणू लागला. १८३० पर्यंत डझनाहून अधिक खंड त्याच्या हातून झाले. पैशासाठी धरलेल्या या कामातच त्याला त्याचा विषय सापडला. दुसऱ्याचं फिजिक्स पानापानानं उतरवता उतरवता तो स्वतः फिजिक्सवाला झाला.

ओहमच्या बाजूनं

ओहमनं आपला नियम १८२७ मध्ये पुस्तकरूपानं मांडला, तेव्हा जर्मनीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. आज दहावीच्या पुस्तकात चौकटीत येणारी गोष्ट तेव्हा लोकांना पटत नव्हती. फेक्नरनं वाद घालत न बसता मोजमापं सुरू केली. वेगवेगळ्या बॅटऱ्या, वेगवेगळ्या तारा, पुन्हा पुन्हा रिडिंग. १८३१ मध्ये त्यानं ही मापनं प्रसिद्ध केली आणि ओहमच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला.

१८३३ मध्ये क्लारा फोल्कमान हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि १८३४ मध्ये तो लाइपझिगमध्ये फिजिक्सचा प्रोफेसर झाला. वय तेहतीस. म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची. पण पगाराची तोंडमिळवणी करायला त्यानं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, घरगुती उपयोगाच्या माहितीचा आठ खंडांचा कोश. त्यातला मोठा भाग त्यानं स्वतः लिहिला. दिवसा लेक्चर, रात्री कोश, मधल्या वेळात प्रयोग. शरीर आणि मन किती ताणलं जातंय, याचं रिडिंग घ्यायला मात्र कुणी नव्हतं.

काळ्या भिंतींची खोली

याच काळात त्याला डोळ्यांच्या एका गमतीनं पछाडलं. झगमगीत दिव्याकडे बघून डोळे मिटले, की त्याचा ठसा काही वेळ तरंगत राहतो. वस्तू समोर नाही, तरी तुम्हाला ती दिसते. मग हे फिजिक्स की मन? फेक्नर या ठशांचा आणि त्यातल्या रंगांचा अभ्यास करू लागला. त्यासाठी रंगीत काचांमधून तो थेट सूर्याकडे बघायचा. तुम्ही हे चुकूनही करू नका. त्यानं केलं आणि त्याची किंमत मोजली.

१८३९ च्या सुमारास तो पूर्ण कोसळला. डोळ्यांना उजेड सहन होईना. वाचणं बंद, लिहिणं बंद, शिकवणं बंद. प्रोफेसरची खुर्ची सोडावी लागली. त्याच्या खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्या गेल्या आणि तो अंधारात दिवस काढू लागला. बाहेर पडायचं तर डोळ्यांवर पट्टी. नुसते डोळेच नव्हे, डोकंही ताब्यात राहीना. विचार सुरू झाले की थांबवता येत नसत. अन्नपाणी तुटलं, सापळा झाला, माणसं नकोशी झाली. त्या सगळ्या काळात क्लारा त्याच्यापाशी होती.

जेवणाची कोंडी फुटली ती विचित्र रीतीनं. ओळखीतल्या एका बाईंना स्वप्न पडलं, की आपण याच्यासाठी एक पदार्थ करतोय. भरपूर मसाला लावलेलं कच्चं हॅम, ऱ्हाइनची वाइन आणि लिंबाचा रस. त्यांनी खरंच तो पदार्थ केला आणि आणून दिला. फेक्नरनं तो चाखला आणि त्याच्या पोटात टिकला. योगायोग म्हणा, आणखी काही म्हणा, तिथून तो थोडंथोडं खाऊ लागला.

आज याला नाव द्यायचं तर आपण बर्नआउट म्हणू, डिप्रेशन म्हणू. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतर लांबून निदान करण्यात अर्थ नाही. पण एवढं नक्की, की त्याच्या शहरात मनाच्या आजारासाठी जायला समुपदेशक नव्हता. तुमच्या कॉलेजात तशी खोली असेल, तर तिचा दरवाजा कुठल्या मजल्यावर आहे तेवढं माहीत करून ठेवा.

पट्टी सोडली तो दिवस

१८४३ च्या ऑक्टोबरमध्ये फेक्नर डोळ्यांवरची पट्टी काढून बागेत आला. तीन वर्षांच्या अंधारानंतर पाहिलेली फुलं त्याला आतून उजळल्यासारखी दिसली. प्रत्येक फुलाला स्वतःचं काही मन असावं, असं त्याला वाटून गेलं. १८४८ मध्ये त्यानं वनस्पतींच्या मनोजीवनावर 'नाना' नावाचं पुस्तकच लिहिलं. नाना ही नॉर्स कथांमधली देवी. आपल्याकडच्या नानांशी तिचा संबंध नाही.

दरम्यान, फिजिक्सची खुर्ची दुसऱ्याला मिळाली होती. तिथे आले विल्हेल्म वेबर. हे अर्न्स्ट वेबर यांचे धाकटे भाऊ. चुंबकीय फ्लक्सचं एकक 'वेबर' आहे ना, ते या धाकट्याच्या नावाचं. आणि सायकॉलॉजीतला 'वेबरचा नियम' थोरल्याच्या नावाचा. एकाच घरातले दोन भाऊ, दोन्ही सिलॅबसमध्ये.

फेक्नरला युनिव्हर्सिटीनं छोटंसं पेन्शन दिलं. चाळिशी ओलांडलेला, पद गेलेला, फिजिक्सपासून तुटलेला आणि फुलांच्या मनाबद्दल लिहिणारा माणूस. जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्याबद्दल काय समजूत करून घेतली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

२२ ऑक्टोबरची सकाळ

फेक्नरला एक प्रश्न सोडत नव्हता. शरीर आणि मन या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, अशी त्याची खात्री होती. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. एका बाजूला मोजता येणारं जग आहे. वजन, उजेड, आवाज. दुसऱ्या बाजूला त्याची जाणीव. या दोघांना जोडणारं समीकरण असेल का?

२२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला उत्तर सुचलं. जाणीव वाढते ती बाहेरची गोष्ट किती वाढली यावर नाही, तर आधी जेवढी होती तिच्या तुलनेत किती वाढली यावर. मनोभौतिकीचे अभ्यासक आजही २२ ऑक्टोबर हा फेक्नर दिन म्हणून पाळतात.

हे समजायला अवघड नाही. लोडशेडिंगमध्ये खोलीत एक मेणबत्ती आहे आणि तुम्ही दुसरी लावलीत, तर फरक लगेच जाणवतो. त्याच खोलीत शंभर मेणबत्त्या असतील, तर एकशेएकावी कुणाला कळणारही नाही. वाढलेला उजेड दोन्ही वेळा तेवढाच, जाणीव मात्र वेगळी. थोरल्या वेबरनी १८३४ मध्ये स्पर्शावरच्या ग्रंथात हेच वजनांबाबत दाखवलं होतं. वजनातला फरक कळायला तो मूळ वजनाच्या एका ठरावीक भागाइतका असावा लागतो, साधारण तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका.

इथे फेक्नरमधला फिजिक्सवाला कामाला आला. कुठलीही गोष्ट मोजायची तर दोन गोष्टी लागतात, शून्य कुठे आणि एकक कुठलं. जाणीव थेट मोजता येत नाही, कारण ती दुसऱ्याच्या डोक्यात असते. फेक्नरनं ठरवलं, ज्या ठिकाणी एखादी गोष्ट पहिल्यांदा जेमतेम जाणवते तो आपला शून्य. आणि जेमतेम कळणारा फरक ही आपली एक पायरी. मग पायऱ्या मोजत वर जायचं. प्रत्येक पायरी मनाला सारखीच वाटते असं धरलं, तर गणित लॉगरिदमवर येऊन थांबतं. बाहेरचं जग गुणाकारानं वाढतं, तेव्हा मनातलं जग बेरजेनं वाढतं. उजेड दहापट झाला की जाणीव काही पायऱ्या चढते. आणखी दहापट केला की पुन्हा तेवढ्याच पायऱ्या. अकरावीत लॉग टेबलवरून बोट फिरवताना हे कशाला शिकायचं असं वाटलं असेल, तर हा त्याचा एक उपयोग.

कल्पना सुचणं एका सकाळीचं काम, ती सिद्ध करायला दहा वर्षं गेली. फेक्नर वजनं उचलू लागला. एक डबा उचल, दुसरा उचल, कुठला जड ते नोंदव. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग तोही तोच. अशा नोंदी चोवीस हजारांच्या वर गेल्या. तुमच्या जर्नलमधल्या पंचवीस ट्रायल्सचा कंटाळा आला, की हा आकडा आठवा. माणसाचं उत्तर दरवेळी सारखं येत नाही, हेही त्यानं गृहीत धरलं आणि चुकांचं गणित वापरून त्या चढउतारातूनच माप काढलं.

पुस्तक आणि त्याची मुलंबाळं

१८६० मध्ये 'मनोभौतिकीची मूलतत्त्वं' हे त्याचं पुस्तक दोन खंडांत निघालं. फेक्नर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. त्यात प्रयोगाच्या तीन पद्धती होत्या: किंचित फरकाची, बरोबर-चूक उत्तरांची आणि सरासरी चुकीची. नावं थोडी बदलली, पण सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात त्या तिन्ही अजून आहेत.

मन मोजताच येणार नाही, असं त्याआधी मोठमोठ्या तत्त्वज्ञांचं मत होतं. कांटनंही मनाच्या अभ्यासाचं खरंखुरं विज्ञान होण्याची शक्यता नाकारली होती. फेक्नरच्या पुस्तकानंतर हा दरवाजा उघडला. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये सायकॉलॉजीची प्रयोगशाळा सुरू केली ती याच लाइपझिगमध्ये. हर्मान एबिंगहाउस या तरुणाला पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात फेक्नरचं पुस्तक सापडलं, असं सांगतात. संवेदना मोजता येतात तर स्मरणशक्ती का नाही, या विचारानं त्यानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवर प्रयोग केले. परीक्षेनंतर सगळं कसं भराभर विसरलं जातं, हे दाखवणारा त्याचा आलेख तुम्ही पाहिलाच असेल.

हा धागा भारतातही आला. वुंट यांचे विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डमध्ये शिकवत. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कलकत्ता युनिव्हर्सिटीत १९१६ मध्ये सायकॉलॉजीच्या विभागाची धुरा घेतली. आपल्या कॉलेजांमधली सायकॉलॉजीची लॅब त्याच परंपरेतली.

टीका झाली, तीही ऐका

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला या साऱ्या आकडेमोडीतून हाती काहीच लागत नाही, असं वाटे आणि त्यानं ते आपल्या १८९० च्या मोठ्या ग्रंथात रोखठोक लिहिलं. जेमतेम कळणारी प्रत्येक पायरी सारखीच असते, हे गृहीतक अनेकांनी तपासायला घेतलं. १९५७ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांनी लॉगरिदमऐवजी घातांकाचा नियम मांडला. विजेच्या झटक्यासारख्या गोष्टीत तर जाणीव उलट जास्त वेगानं वाढते, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं.

मग फेक्नर हरला का? नियम दुरुस्त झाला, पण तो चुकतोय हे ज्या रीतीनं कळलं, ती मोजायची रीत त्याचीच होती. गंमत म्हणजे आकडे नाकारणारा जेम्स पुढे फेक्नरच्या तत्त्वज्ञानाच्या प्रेमात पडला आणि त्याच्या मरणोत्तर जीवनावरच्या छोट्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराला त्यानं प्रस्तावना लिहिली.

न भरलेला फॉर्म

म्हातारपणीही फेक्नर स्वस्थ बसला नाही. आता त्याला सौंदर्य मोजायचं होतं. १८७१ मध्ये ड्रेस्डेनमध्ये होल्बाइनची मॅडोनाची दोन चित्रं शेजारी शेजारी मांडली होती. त्यातलं अस्सल कुठलं, यावर वाद होता. फेक्नरनं तिथे वही ठेवली आणि कुठलं चित्र जास्त आवडलं ते येणाऱ्यांनी लिहावं, अशी विनंती केली. अकरा हजारांहून जास्त लोक चित्रं बघून गेले. वहीत मतं पडली ११३, आणि त्यातली बरीचशी सूचना न वाचताच लिहिलेली. प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्म पाठवून ग्रुपवर वाट बघत बसणाऱ्यांना हे दुःख नीट कळेल. १८७६ मध्ये त्याचं सौंदर्यशास्त्रावरचं पुस्तक आलं.

१८ नोव्हेंबर १८८७ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, लाइपझिगमध्येच तो गेला. अंत्यविधीला वुंट बोलले.

मग तुमचं काय?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर एका फॅकल्टीतला आणि दुसरा विषय भलत्याच फॅकल्टीतला, असं आता जमू लागलंय. फिजिक्सला आहेस तर सायकॉलॉजी कशाला, असं घरी कुणी विचारलं तर फेक्नरची गोष्ट सांगायला हरकत नाही. पण ती अर्धी सांगू नका. त्यानं दोन विषय वरवर चाखले नाहीत. फिजिक्समध्ये मोजणं म्हणजे काय ते तो हाडात मुरेपर्यंत शिकला, म्हणून ते मनाच्या अभ्यासात नेऊ शकला. आणि ज्या तीन वर्षांत त्याच्या हातून एक ओळही लिहिली गेली नाही, ती वर्षं फुकट गेली असं त्याच्या पुढच्या आयुष्याकडे बघून म्हणता येत नाही. गॅप पडलेल्यांनी, इयर ड्रॉप झालेल्यांनी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

करून बघा

एकसारख्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हीत १०० मिली पाणी भरा. मित्राचे डोळे बांधा. एका बाटलीत चमच्यानं ५ मिली पाणी वाढवत न्या. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. दर वेळी दोन्ही बाटल्या आळीपाळीनं एकाच हातात द्या आणि जड कुठली ते विचारा. उत्तर सलग बरोबर येऊ लागलं, की वाढवलेलं पाणी लिहून ठेवा. आता हेच दोन्ही बाटल्यांत ५०० मिली घेऊन करा. दुसऱ्या वेळी किती जास्त पाणी लागलं? बाटलीचं स्वतःचं वजनही धरायला विसरू नका. आकडे पहिल्या फटक्यात नीट जुळले नाहीत तर नाराज होऊ नका, फेक्नरच्या नोंदी चोवीस हजारांच्या वर होत्या.